आया हो

आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीपलीकडे बावखल आहे. वाडीला शिंपण्यासाठी जुन्या लोकांनी खणून ठेवलेलं गोड्या पाण्याचं तळं म्हणजे बावखल, हे मला उमेळ्याला राहायला आल्यावर कळलं. त्याआधीचा सगळा जन्म परळच्या चाळीत गेला. तिथे पाणी म्हणजे नळाचं, पहाटेचं. मला पोहता येत नाही. फ्लॅट बघायला आलो तेव्हा सगळे म्हणाले, मागे काय हिरवंगार आहे! मी एवढंच विचारलं, "भिंतीला दार कशाला ठेवलंय?"

बिल्डर म्हणाला, "गाववाल्यांची वहिवाट आहे, काका. विहीर आहे ना पलीकडे. ते दार बंद नाही करता येत."

तेव्हापासून त्या दाराचा मला धसका होता.

आमचं घर लहान. मुलगा हर्षवर्धन, सूनबाई विनिता आणि त्यांची अनुष्का, म्हणजे अनू, साडेतीन वर्षांची. माझी बायको मीरा नातीला बघायच्या आधीच गेली. मुलगा-सून सकाळी मुंबईला निघाली की घरात अनू, मी आणि इझाबेल. इझाबेल गावातलीच, जुन्या ख्रिस्ती घरातली, पन्नाशी उलटलेली. आधी चर्चच्या शाळेत लहान मुलांच्या वर्गावर होती. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचं?" तर पदर खोचत म्हणाली, "आया म्हना. शाळेत बी पोरं आयाच म्हनत. सवय हाय."

मी अनूला शिकवलं, आया आली म्हणायचं नाही, आया आल्या म्हणायचं. जी आपल्याला भरवते तिला अहोजाहो करायचं. अनूचं ऐकून तळमजल्यावरची छोटी ग्लोरियाही तसंच म्हणायला लागली. या शिकवणुकीने पुढे माझा जीव जायची वेळ येईल, असं तेव्हा कोणाला वाटलं असतं!

नव्व्याण्णव सालचा माघ होता. वसई गावातल्या गणपतीच्या देवळात माघी उत्सवाची कीर्तनं चालली होती. मी एक दिवस चुकवला नाही. कीर्तन म्हटलं की मला तहानभूक लागत नाही. बुवा चिपळूणकडचे, आवाज असा की झांज थांबली तरी कानात वाजत राहावी. त्या दिवशी त्यांनी उत्तररंगाला कार्तिकेयाचं आख्यान लावलं. सरोवराकाठी बोरूच्या बेटात एकटं पडलेलं ते तेजस्वी बाळ. पाण्यावर आलेल्या सहा कृत्तिका त्याला बघतात, आणि सहाही जणींना पान्हा फुटतो. कोणाला नाही म्हणायचं? बाळाने सहा तोंडं केली.

बुवांनी इथे चिपळी थांबवली. म्हणाले, "एक असली तर आई. अनेक असल्या तर? आया! मंडळी, आपण दुसऱ्याचं लेकरू सांभाळणारीला आया म्हणतो. का म्हणतो? कारण लेकराला एक आई पुरत नाही हो!" आणि त्यांनी स्वतःच रचलेली साकी लावली, "सहा मुखांना दूध पाजण्या धावुन आल्या आया हो..." तो शेवटचा 'हो' त्यांनी असा वर नेला आणि तिथेच धरून ठेवला की माझे डोळे वाहायला लागले.

दुसऱ्या दिवशी खालच्या बाकावर मी इग्नेशियस मास्तरांना हे सांगितलं. मास्तर म्हणजे ग्लोरियाचे आजोबा, तळमजल्यावर राहतात. त्यांचीच वाडी होती इथे, तिच्या बदल्यात फ्लॅट मिळालेले. ऐकून गालात हसले.

"जयवंतराव, तुमचे बुवा बोलतात गोड. पण शब्द आमच्या पोर्तुगीजांचा आहे. पाव त्यांचा, चावी त्यांची, तशी आयाही त्यांची. त्यांच्या घरात बाळं राखणारी बाई ती आया. आमचे एक फादर तर सांगायचे, लॅटिनमधून आलाय. तिथे आविया म्हणजे आजी."

"आजी?"

"आजी. आता बोला."

मला मीराची आठवण आली. तेवढ्यात डोक्यावर भाजीची पाटी घेऊन गावातली म्हातारी दारातून आली. तिला वाटलं आमचं बावखलाच्या आयांबद्दल चाललंय. पाटी उतरवून ती भिंतीकडे बघत हळूच म्हणाली, "नाव नका घेऊ दुपारचं. त्या आया कडक हायेत."

"कोण आया?"

"साती बहिनी. साती आसरा. पान्यातल्या. बावीच्या कडेला दगड नाय का शेंदराचे? आमी आया म्हनतो. पोर आवडलं की नेतात. तुमची पोर गोरीगोमटी हाय, आजोबा, एकटी सोडू नका तिकडं."

मास्तर म्हणाले, "माझं सगळं लहानपण त्या पाण्यात गेलं. मला नाही नेलं कोणी."

म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमाला कोन नेनार!"

मास्तर खो खो हसले, मीही हसलो. पण भाजी घेऊन वर आलो आणि आधी मागच्या खिडकीची कडी लावली.

शनिवारी इझाबेल सुट्टीवर होती. तिची बहीण तेरेसा, तिच्या मुलीचं लग्न. "अर्नाल्याला हाय लगीन," म्हणून दोन दिवस आधीच सांगून गेली होती. मास्तरांच्या घरचीही सगळी मंडळी लग्नाला. मुलगा-सून कामावर. घरात मी आणि अनू.

दुपार कलल्यावर अनू खाली जिन्याशी भातुकली मांडून बसली. शेजारी पायरीवर ग्लोरिया, पाच वर्षांची. तिला गालगुंड झालं होतं, म्हणून लग्नाला नेलं नव्हतं. डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधलेलं, तोंड फुगलेलं, आणि रागानेही फुगलेलं. तिच्यावर लक्ष ठेवायला घरातली म्हातारी कार्मिन दारात खुर्ची टाकून जपमाळ ओढत होती. कार्मिनला ऐकू येत नाही, पण नजर चांगली. मी तिला खुणेने सांगितलं, दूध तापवून आलोच.

दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. दूध गॅसवर ठेवलं. संध्याकाळी समाप्तीचं कीर्तन होतं आणि बुवांनी मला मागे साथीला उभं राहायला सांगितलं होतं. म्हणून ती साकी घोळवत होतो. एकटा असलो की माझा आवाज मोठा लागतो. डोळे मिटून, हात कानाशी नेऊन, "आया होऽऽ" असा सूर धरला. दूध उतू गेलं तेव्हा डोळे उघडले.

पेला घेऊन खाली आलो. अनू नव्हती.

भातुकली तिथेच होती. चूल, पोळपाट, इवली पळी. लाल प्लॅस्टिकची कळशी तेवढी नव्हती.

"ग्लोरिया, अनू कुठे गेली?"

"आया आल्या," ती फडक्यातून म्हणाली. "घेऊन गेल्या."

मला आधी बरंच वाटलं. "इझाबेल आया? त्या तर अर्नाळ्याला आहेत ना, बाळ?"

तिने खांदे उडवले. "आया. खूप आया."

"खूप?"

तिने दोन्ही हात पसरून दाखवलं. "एवढ्या."

"कुठे नेलं?"

"पान्याला."

"कुठल्या पाण्याला?"

तिने भिंतीच्या दाराकडे बोट केलं. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मला नाय नेला. आजारी पोरांना नाय नेत त्या."

मी कार्मिनजवळ धावलो. तिच्या कानाशी ओरडलो, "अनू! अनू कुठे?" म्हातारी बोळकं पसरून हसली. जपमाळ धरलेला हात तिनेही त्याच दाराकडे केला. आणि मग कपाळाला, छातीला, खांद्यांना लावून क्रूस केला.

तो क्रूस बघून मी दाराकडे धावलो. पेला कुठे ठेवला आठवत नाही. दार उघडंच होतं.

पलीकडे केळी, अळू, आणि मधून जाणारी पायवाट. ऊन अजून होतं, पण त्या वाडीत ते खाली पोचत नाही. मी हाक मारली, "अनू! अनूऽ!" साकीला चढणारा माझा आवाज तिथे केळींपलीकडेही गेला नाही. उत्तर नाही. एक पाणकोंबडी फडफडून गेली, माझं काळीज तिच्याबरोबर उडालं.

विहिरीजवळ आलो. कडेला शेंदराचे दगड. त्यांच्यापुढे तांदूळ सांडलेले आणि एक विड्याचं पान, आत्ताच ठेवल्यासारखं ताजं. आणि विहिरीच्या फरशीवर पावलं. ओली पावलं. बायकांची, अनवाणी, एकात एक मिसळलेली. मोजायचा धीर झाला नाही. सात निघाल्या असत्या तर? त्यांच्यामध्ये एक पाऊल माझ्या तळहाताएवढं होतं. त्या पावलाची पाची बोटं स्पष्ट उमटली होती. मी बघत होतो तोवर एक एक बोट वाळून नाहीसं होत होतं.

मी जन्मभर कीर्तनं ऐकली. भक्ताला सगळीकडे देव दिसतो, हे शेकडो वेळा डोलत ऐकलं. पण त्या क्षणी मला कुठेच देव दिसेना. नुसतं हिरवं पाणी दिसत होतं. बुवांचं बोरूचं बेट तिथे तसंच होतं. काठाला लव्हाळं, त्यात वारा. ज्या गोष्टीने परवा माझे डोळे भरले होते, तीच आता अंगावर येत होती. पाण्यावर आलेल्या बाया, त्यांना आवडलेलं बाळ. त्या बाळाला जन्म देणारी घरी काय करत होती, हे बुवांनी सांगितलंच नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं.

मग मला कळशी दिसली.

लाल कळशी बावखलात तरंगत होती. काठापासून फार लांब नाही, फार जवळही नाही. आडवी पडून हळूहळू गोल फिरत होती.

मी चपला काढल्या की नाही देव जाणे. पाण्यात उतरलो. पहिल्या पावलाला गुडघा, पुढच्याला कंबर. तळाचा गाळ असा की पाय ओढून घ्यावा. थंडी पोटात गेली. पाण्याखाली हात घालून चाचपत होतो. हाताला लागायचं ते शेवाळ. एकदा काहीतरी मऊ, लांब हाताला गुंडाळलं आणि मला वाटलं केस. ओढून काढलं तर पाणवेल होती. मी ती दोन्ही हातांनी धरून तसाच उभा राहिलो, सोडवेना.

डोक्यात एकच चाललं होतं. संध्याकाळी विनिता येईल, चपला काढता काढता रोजच्यासारखी विचारेल, "आमचं माणूस कुठंय?" मी काय सांगू? आया घेऊन गेल्या, असं सांगू?

पाणी छातीला आलं. आता नाव घ्यायचं म्हटलं तर एकही नाव आठवेना. इतक्या आरत्या, इतकी नमनं तोंडपाठ, पण ओठांवर तो एकच शब्द येत राहिला. मी हात जोडले. पाण्यालाच म्हणालो, "आयांनो, मला न्या. मी म्हातारा आहे. ती साडेतीन वर्षांची आहे हो. तिला द्या परत. आयांनो, द्या हो..."

आणि वाडीच्या पलीकडून एकदम बँड वाजायला लागला.

ढोल, पिपाण्या, आणि कुठल्याशा सिनेमातलं नाचाचं गाणं. मी समजलो, आपलं डोकं गेलं. बांधावरून बायका येत होत्या. काठाची लुगडी, केसांत गजरे, डोक्यावर पाण्याने भरलेली, फुलं बांधलेली भांडी, आणि पुढे नाचणाऱ्या दोघी. सगळ्यांत पुढे इझाबेल. तिच्या कडेवर अनू, कानामागे झेंडूचं फूल.

"आजोबाऽ!" अनू ओरडली. "तुम्ही आंघोळ करता?"

बँड एकेका वाद्याने थांबला. शेवटी ढोलवाल्याला कळलं, तेव्हा तोही थांबला. बँडमागून सूट घातलेले इग्नेशियस मास्तर पुढे आले आणि त्यांनी चष्मा सारखा केला.

"जयवंतराव! बाप्तिस्मा घेताय की काय? मला आधी सांगायचं, फादरांना बोलावलं असतं."

बायका हसल्या. तेरेसा म्हणाली, "नवरीच्या आधी आजोबांनीच नाहून घेतलं!" पुन्हा हशा. मी हसायचा प्रयत्न केला, पण तोंडातून वेगळाच आवाज आला. तो ऐकून दोन बँडवाले बूट न काढताच पाण्यात उतरले आणि त्यांनी मला ओढून काठावर आणलं.

बसल्यावर दात वाजत होते. तेरेसाने आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली. इझाबेल अनूला घेऊन समोर उकिडवी बसली. घाबरली होती.

"असं काय केलं, आजोबा? कशाला उतरलात?"

"अनू," एवढंच मी म्हणालो.

"अनू माझ्यापाशी हाय की! तुमाला विचारूनच नेली. मी खालून हाक नाय का मारली?" ती मास्तरांकडे वळली. "या सगल्या बायांच्या समोर मारली. म्हटलं, आजोबा, मी आया! अनूला पान्याला नेतंय, नेऊ ना? तुमी वरून म्हनलात..."

"काय म्हणालो?"

"आया होऽऽ! असं लांब म्हनलात. मी बोलली बी तेरेसाला, आजोबा आज लय खुशीत हायेत."

मी डोळे मिटून घेतले.

मास्तरांनी बाकीचं समजावलं. लग्न उद्या अर्नाळ्याला, नवरा तिकडचा, पण नवरी इथलीच. आदल्या दिवशी घरातल्या बायका विहिरीवर वाजतगाजत जातात, नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. बँडवाल्यांना स्टेशनहून यायला उशीर झाला, म्हणून बायकांनी आधी पाणी भरून घेतलं आणि पलीकडच्या उंबराखाली वाट बघत बसल्या. तांदूळ नि पान त्यांनीच ठेवलं होतं. कार्मिनचा क्रूसही नवरीसाठीच होता. आणि खूप आया म्हणजे खूप आयाच. ग्लोरियाची आई, नवरीची आई, शेजारच्या चौघींच्या आया. पोरीने अगदी बरोबर सांगितलं होतं. आईचं अनेकवचन, मी बुवांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मान डोलावली होती तेच, पण तेवढा एकच अर्थ मला त्या वेळी सुचला नाही.

"माझी कळशी पडली," अनू म्हणाली. "आया म्हणाल्या, राहू दे, दुसरी आणू."

इझाबेल हळू आवाजात म्हणाली, "तुमाला काय वाटलं, आजोबा? कोनी नेली?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "आयांनी," म्हणालो, आणि शेंदराच्या दगडांकडे माझी नजर गेली.

तिनेही तिकडे बघितलं. तिला कळलं. गावातलीच ती, त्या गोष्टी ऐकतच मोठी झालेली. मला वाटलं आता हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "मंग मीच की आया."

मी अनूचा हात धरला होता. कधी धरला ते आठवत नाही. ती मंडळी उठली, बँडवाल्यांनी बूट झटकले, आम्ही पायवाटेने निघालो. अनूच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला इझाबेल. बावखल मागे राहिलं तरी माझी पाठ थंडच होती. मास्तर शेजारून चालत होते. केळींमधून दार दिसायला लागलं. दारात ग्लोरिया फडकं बांधून उभी, मागे कार्मिन.

"आजोबा, दुखतंय," अनू म्हणाली.

बघितलं तर तिच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती. सोडायचं ठरवलं, पण बोटं ऐकेनात. मी थांबलो. सगळेच थांबले.

इझाबेल वाकली. अनूचा दुसरा हात तिच्या हातात होता, तो तिने मला दिसेल असा वर धरला.

"सोडा, आजोबा," ती म्हणाली. "मी धरलंय ना."

मी त्या हाताकडे बघितलं. मग एकेक करून बोटं सोडली.